आगबोटीने गेले

धुळ्यात मला राहायला खोली मिळाली ती पणजीच्या नावावर.

एका खासगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती आणि खोली शोधत मी दोन दिवस उन्हात फिरत होते. कॉलेजातल्या शिपायाने पत्ता दिला. पिवळ्या फाटकाचं घर, भूगोलाच्या निवृत्त बाई, ख्रिस्ती, एकट्या. "बाई जरा चक्रम शेत, पन घर चोख शे," असंही त्याने सांगून ठेवलं.

दार उघडलं ते उंच, सडसडीत, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या एका सत्तरीच्या बाईंनी. मी नाव सांगितलं, नोकरी सांगितली, गाव सांगितलं. यावलकडचं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

"आईचं नाव?"

सांगितलं.

"तिच्या आईचं?"

तेही सांगितलं.

"आणि तिच्या आईचं?"

ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, काही जातपातीची चौकशी चालली आहे. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. "जात नाही विचारत मी. नाव विचारतेय. बापाकडची सात नावं घडाघडा म्हणतात लोक, आणि जिच्या पोटातून आलो तिच्या आईची आई माहीत नसते. जा, विचारून ये. खोली कुठे पळून जात नाही."

तिथेच ओट्यावर बसून मी घरी फोन लावला. आईला माहीत नव्हतं. तिने फोन तिच्या आईकडे, आमच्याकडेच राहणाऱ्या आजीकडे दिला. आजी केळीच्या बागेतून नुकतीच आली होती, वैतागली. "आता कशाले पाह्यजे तुले ते?" मग बराच वेळ आठवून म्हणाली, "नाव काय मायीत नाही बाप्पा. तिले सगये धाकलीच म्हनत."

मी ओशाळून बाईंना सांगितलं, नाव नाही मिळालं, नुसतं 'धाकली' एवढंच. बाईंचा चेहरा उजळला. "अगं, धाकली आहे म्हणजे थोरलीही आहे! एकीला शोधायला गेलीस, दोघी सापडल्या. ये आत."

त्या घरात मी चार वर्षं राहिले.

बाईंचा उद्योग एकच, माणसं शोधणं. जिवंत नव्हे, मेलेली. गावातल्या जुन्या चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदींच्या जाडजूड वह्या होत्या. त्या बाहेर न्यायची परवानगी कुणालाच नव्हती, म्हणून बाई रविवारची उपासना संपली की मागच्या खोलीत जाऊन बसायच्या आणि दुपारची भूक लागेपर्यंत वाचायच्या. वर्षातून एकदा पानापानांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायच्या. वाळवी आणि चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री, यांच्यात जास्त नुकसान कोण करतं यावर त्यांचं स्वतंत्र मत होतं.

पाळकांविषयी त्या असं बोलत की मी सुरुवातीला गोंधळून जाई. "हा फार आळशी आहे बघ. आईचं नाव लिहायचा कंटाळा करतो. आणि पावसाळ्यात तर शाईत पाणीच घालतो." मला वाटलं, सध्याच्याच पाळकांविषयी चाललंय. पुढे कितीतरी दिवस त्या गरीब, हसतमुख गृहस्थांकडे मी जरा संशयानेच बघत होते. मग कळलं की तो आळशी पाळक शंभर वर्षांपूर्वीच चर्चमागच्या चिंचेखाली निजला आहे. बाईंच्या व्याकरणात मेलेल्यांना भूतकाळ नव्हता. ज्याचं नाव कागदावर, तो 'आहे'.

लोक त्यांच्याकडे यायचे. कुणाला दाखल्यासाठी आजोबांचा जन्म हवा असायचा, कुणाला नुसतीच हौस. चाळीसगावचे एक कापडवाले शेठ आले होते. त्यांच्या घरात अशी बोलवा होती की मूळपुरुष कुठल्याशा स्वारीबरोबर आलेला सरदार होता. बाईंनी दोन महिने जुनी दप्तरं धुंडाळली आणि शेठना बोलावून सांगितलं, "तुमचा मूळपुरुष चाळीसगावला आला तो रेल्वेच्या भरावावर माती टाकायला. टोपली वाहणारा आहे."

शेठचा चेहरा पडला. "नीट बघितलं का बाई? तलवारबिलवार काही?"

"टोपली," बाई म्हणाल्या. "त्याने ती वाहिली म्हणून रूळ पडले, रूळ पडले म्हणून जंक्शन झालं, आणि जंक्शन झालं म्हणून तुमचं दुकान चालतं. तलवारीने काय झालं असतं?"

शेठ पेढे घेऊन आले होते, ते तसेच परत घेऊन गेले. बाईंना त्याचं वाईट वाटलं. पेढ्यांचं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस हरवत नाही गं, त्याचं स्पेलिंग हरवतं." इंग्रज कारकुनाच्या कानावर खानदेशी नाव पडलं की त्याचं काय होतं याचे त्यांच्याकडे शेकडो नमुने होते. उखा, दगा, सुपडू, बुधा अशा नावांची झालेली दुर्दशा त्या वाचून दाखवायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

आणखी एक गंमत. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या या बाईंनी समुद्र पाहिला नव्हता. कोळशाच्या आगबोटी कुठल्या बंदरात थांबत, मोसमी वारे कुठल्या महिन्यात फिरत, एडनपासून मोंबासा किती दूर, सगळं तोंडपाठ. आगबोटींच्या उतारूंच्या याद्या बघायला त्या मुंबईला दफ्तरखान्यात अनेकदा जाऊन आल्या होत्या. तिथून समुद्र किती लांब? दहा मिनिटं चाललं की झालं.

"मग गेला का नाहीत?" मी विचारलं.

"कागद बघायला गेले होते," त्या म्हणाल्या, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

आगबोटींचं हे वेड कुठून आलं, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. एका रविवारी त्यांनी मला चर्चच्या त्या मागच्या खोलीत नेलं आणि एक पान उघडून दाखवलं. मोठ्या दुष्काळातली पानं. ओळीने मुलंच मुलं, मिशनच्या अनाथाश्रमात आलेली. एका ओळीवर बाईंनी बोट ठेवलं, कागदाला न टेकवता.

"ही माझी आजी. वडिलांची आई. पाचेक वर्षांची आहे."

मुलीचं नवं ख्रिस्ती नाव. आईच्या रकान्यात 'मयत'. गावाचा रकाना कोरा. आणि वडिलांच्या रकान्यात, 'झिपरू. आगबोटीने गेले.'

"बास, एवढंच," बाई म्हणाल्या. "दुष्काळात इकडे खायला काही नव्हतं. आफ्रिकेत रेल्वे बांधायला माणसं न्यायचे. भुसावळला मुकादम यायचे आणि माणसं भरून मुंबईच्या धक्क्यावर न्यायचे. हा गेला. बायको मागे मेली. पोर कुणीतरी मिशनमध्ये आणून सोडली. आजी आम्हाला सांगायची, माझा बाप समुद्रात बुडाला."

"मग ती बुडालेली आगबोट तुम्ही शोधताय?"

"मी झिपरूला शोधतेय. बुडाला असेल तर बुडालेला सापडेल."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाऊबहीण उरले नव्हते, आईवडील गेलेले. मला वाटायचं, एवढी माणसं शोधून काढणाऱ्या बाईंच्या दारी दिवाळीला नि नाताळला येतं कोण, तर दूधवाला आणि मी. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला सक्त बंदी घातली. बाईंना उपाशी ठेवलं असतं तरी चाललं असतं. दोन दिवस त्यांनी काढले, तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तुझा तो मोबाईल घे. मी मुंबईहून आणलेल्या याद्यांचे तू काढलेले फोटो आहेत त्यात, मला वाचून दाखव."

"कुठली यादी?"

"कुठलीही. गेलेल्यांच्या सगळ्या माझ्या वाचलेल्याच आहेत. कानाला तरी बरं वाटेल."

तर त्या काळा चष्मा लावून पलंगावर पडलेल्या आणि मी खुर्चीत बसून, अक्षरं मोठी करकरून, मोंबासाला गेलेल्या माणसांची इंग्रजी नावं वाचत होते. त्या झोपल्या असाव्यात असं वाटत होतं. कंटाळून मी भराभर वाचायला लागले. "गोपाल, रामा, शेख चांद, जेफ्रू बूधा, लछमन..."

"थांब. परत म्हण."

"लछमन."

"त्याच्या आधीचं."

"जेफ्रू बूधा."

बाई उठून बसल्या. "अगं, तो जेफ्री आहे. कुणी साहेब असेल, गोरा मुकादम, म्हणून मी दर वेळी त्याला सोडून देते. पण तू आत्ता काय म्हणालीस? जेफ्रू. जेफ्रू... झिपरू!" त्यांनी चष्मा काढला, मी ओरडले, त्यांनी परत लावला. "झिपरू बुधा! साहेब कसला, आपला झिपरू आहे तो! डोळ्यांनी वाचला म्हणून निसटला मेला, कानाने सापडला."

नावापुढे गावही होतं, कारकुनाने चावून टाकलेलं. बाईंनी ते दहा वेळा वदवून घेतलं आणि सांगितलं, तीन गावं बसतात. दोन शिंदखेडा तालुक्यातली, एक साक्रीच्या पलीकडे डोंगराकडचं.

मी इतकी खुशीत होते की न विचारताच पुढचा फोटो उघडला. ती परतलेल्यांची यादी होती. बाईंनी ती आणून ठेवली होती, पण कधी वाचली नव्हती. बुडालेला माणूस परतलेल्यांत कशाला शोधायचा? मी वाचत गेले आणि मध्येच अडखळले.

"काय झालं?"

"जेफ्रू बूधा," मी म्हणाले. "इथेही आहे, बाई."

मी म्हटलं, दुसरा कुणी असेल. बाई म्हणाल्या, "आगबोटीने गेलेले असे किती झिपरू बुधा असणार?" मग भिंतीकडे बघत, "म्हणजे तो परत आला होता."

'होता' म्हणाल्या. मेलेल्या माणसाबद्दल त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर त्यांनी शोध बंद केला. डोळे बरे झाले तरी रविवारी त्या मागच्या खोलीत जाईनात. मला राहवेना. तीनच तर गावं उरली होती! मी रोज विषय काढायची. शेवटी एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तुला कुतूहल आहे. मलाही आयुष्यभर तेच होतं. पण आता भीती वाटते. तो आला आणि पोरीला न्यायला गेलाच नाही, असं निघालं तर? आजीसाठी तो बुडालेलाच बरा होता." मग मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "तरी पण न कळता मरायची माझी तयारी नाही."

शिंदखेड्याकडच्या पहिल्या गावात आम्ही नुसतं 'झिपरू बुधाचं घर कुठलं' विचारलं तर माणसं घरात गेली आणि कड्या लागल्या. दुसऱ्या गावात एकाने स्पष्टच विचारलं, "वारस लावाले उनात का?" जमिनीच्या भावाने सगळ्यांना शहाणं केलं होतं. पूर्वजाचं नाव घेऊन अनोळखी माणूस दारात आला, की त्याचा अर्थ एकच.

साक्रीच्या पलीकडच्या गावात आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पारावरच्या माणसांनी एक घर दाखवलं. अंगणात पंचवीस-सत्तावीस वर्षांचा एक तरुण मोटारसायकल पुसत होता. आम्ही नाव सांगितलं तसा तो फडका टाकून उभा राहिला.

"झिपरूबा मन्हा खापरपंजा. तुम्ही कोन?"

बाई म्हणाल्या, "मी त्यांच्या मुलीची नात."

"त्याले आंडेर नव्हतीच, पोरगीच नव्हती," तो म्हणाला, आणि लगेच शहरी मराठीवर आला. "हे बघा मॅडम, चार एकर कोरडवाहू आहे, त्यात चार वाटे झालेत. सातबाऱ्यावर नाव लावायचा विचार असेल तर आत्ताच सांगा."

"मला जमीन नको."

"तोंडाने सगळेच म्हणतात." त्याने खिशातून मोबाईल काढला. "यात बोला."

मला संताप आला. बाईंना नाही आला. त्यांनी पदर सारखा केला, वर्गात उभ्या राहायच्या तशा ताठ उभ्या राहिल्या आणि मोबाईलकडे बघून खणखणीत आवाजात आपलं संपूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "मला तुमची जमीन नको. मला तुमचा म्हातारा हवाय."

आतून कुणीतरी हसलं. दारात एक म्हातारी येऊन उभी होती, नव्वदीला टेकलेली, काठी धरून. ती त्या तरुणाची आजी. झिपरूच्या नातवाची बायको. सगळे तिला अक्का म्हणत. "ठेव ते डबडं खिसामा," ती नातवाला म्हणाली. "पहिले पानी दे तेस्ले."

आम्ही बाजेवर बसलो. पाणी आलं, चहा आला. बाईंनी चहाला हात लावला नाही.

"अक्का, एकच विचारते. झिपरूबा आगबोटीने गेले आणि परत आले. त्यांची एक मुलगी धुळ्याला मिशनमध्ये होती. तिला बघायला ते कधी गेले होते का?"

अक्का बाजेच्या कडेला टेकली. "मन्हा सासरा सांगे," ती म्हणाली. "झिपरूबानी दुसरी बायकोना तो आंडोर, पोऱ्या. त्यानी बापना तोंडथीन आयकेल. झिपरूबा उना तवय घरमा कोनी नव्हतं. बायको मरेल, पोर धुयाले. तसाच पायी धुयाले गया."

"गेले?"

"गया नं! पन दाढी वाढेल, आंगवर कोट, काळाठिक्कर पडेल. पोरनी त्याले वळखंच नही. किंचाळनी, आन् मडमना मांगे लपी गयी." अक्काने काठी दुसऱ्या हातात घेतली. "फाटकपान बठी ऱ्हायना बिचारा. रोज बठे. पोर दखे नि पळे. मंग उठना नि घर उना. म्हने, पोर पोटभर खास, पायमा चप्पल शे. मन्हापान काय शे तिले देवाले?"

मी बाईंकडे बघितलं. त्या हसतायत की रडतायत ते कळेना.

"आजी आम्हाला भीती घालायची," त्या म्हणाल्या, अक्काला की मला की स्वतःलाच, कोण जाणे. "लहानपणी आम्ही जेवलो नाही की म्हणायची, जेवा, नाहीतर फाटकातला बुवा येईल. दाढीवाला, काळा कोटवाला, फाटकाशी बसून बघत राहतो, बोलत काहीच नाही. मी सुद्धा घाबरायचे त्याला. तिला मरेपर्यंत कळलं नाही गं, बुवा कोण होता ते."

अक्काने बाईंचा हात आपल्या सुरकुतल्या हातात घेतला. तो तरुण दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. थोड्या वेळाने तो आत गेला आणि बाईंचा गार झालेला चहा बदलून घेऊन आला.

परतीच्या वाटेवर एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. साक्री मागे पडलं. मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे गेला होता." पुढच्या रविवारी त्या चर्चच्या मागच्या खोलीत परत जाऊ लागल्या. मी समजले, विषय संपला. शोध लागला, उत्तर मिळालं, कागदांचं काम झालं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खानदेशात दिवाळीला एक वेळ लेक माहेरी नाही आली तर चालेल, पण आखाजीला यायलाच हवी. झाडांना झोके, गौराईची गाणी, घराघरांत सांजोऱ्या आणि खापरावरची पुरणपोळी. मीही यावलला निघायच्या तयारीत होते. बाईंना या सणाशी देणंघेणं नव्हतं. त्या म्हणायच्या, "मला ना सासर ना माहेर. सासर नाही, तर माहेर कुठून येणार?"

सणाच्या आदल्या सकाळी फाटकाशी एक जीप थांबली. साक्रीकडचा तो तरुण उतरला. धुतलेले कपडे, डोक्यावर नवी टोपी. फाटक उघडून तो आत आला, पण ओट्याच्या खालीच उभा राहिला. बोलताना त्याची नजर जमिनीवर होती.

"आजीने पाठवलंय," तो म्हणाला. मग शहरी मराठी सोडून देऊन, पाठ केल्यासारखं एका दमात, "म्हने, झिपरूबानी आंडेर आखाजीले कधीच घर उनी नही. तिले आनाले कोनी गयंच नही. आते ती नही, पन तू शेस. तिना नावथीन मी तुले न्याले उनू आत्या. चाल."

बाई दारात उभ्या. मी त्यांच्या मागे. गल्लीतल्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, त्या आता त्याला म्हणतील, मी ख्रिस्ती आहे, आखाजी करत नाही. किंवा नात्याचा हिशेब समजावून सांगतील, की मी तुझी आत्या नव्हे, नेमकी कोण ते. त्या सरळ वळल्या आणि आत गेल्या. आतल्या खोलीतून कपाटाचा, मग पेटीचा आवाज आला. मग काहीच नाही.

मी आत गेले. बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. पलंगावर दोन साड्या, चष्म्याचं घर, काही कागद, एक रिकामी पिशवी. जगातली सगळी बंदरं पाठ असलेल्या त्या बाई माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माहेरी जाताना काय घेऊन जातात गं?"

"काही नाही नेत, बाई," मी म्हटलं. "येताना आणतात."

त्यांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पिशवी होती तशी पलंगावर टाकली, किल्ली माझ्या हातात दिली, आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. दोन्ही हात मोकळे, मांडीवर ठेवलेले.